केसांमागचा सोनेरी उजेड

फोटोतल्या माणसाच्या केसांमागे फोटोशॉपमध्ये सोनेरी उजेड घालायचा, तर आधी नाकाची सावली पाहा. मूळ उजेड ज्या बाजूचा, त्याच बाजूने नवा टाका. नाहीतर फोटो जोडकाम वाटतो. फोटोशॉपमध्ये नवा लेयर (फोटोवरचा वेगळा थर), त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळायची पद्धत) स्क्रीन. ब्रश डोक्याहून मोठा, हार्डनेस (कडेचा टणकपणा) ०, फ्लो (एका वेळी उतरणारा रंग) ५ ते १० टक्के, रंग फिकट केशरी (लाल २५५, हिरवा १७०, निळा ९०). केसांच्या कडेवर एकेक टिचकी (क्लिक) मारत उजेड चढवा. ब्रश ओढलात तर पट्टे दिसतात.

खरी अडचण पुढे. स्क्रीन मोड काळा रंगही उजळतो, म्हणून काळेभोर केस धुरकट होतात. उपाय असा: लेयर स्टाइलमधल्या ‘ब्लेंड इफ’मध्ये (खालचा फोटो किती गडद आहे ते पाहून लेयर लपवणारी सोय) खालच्या पट्टीचा काळा त्रिकोण ऑल्ट कळ दाबून फोडा आणि त्याचा उजवा अर्धा ८०च्या आसपास न्या. गालावर सांडलेला उजेड मास्क (लेयरचा नको तो भाग झाकणारा पडदा) लावून पुसा. थोडा राहिला तर बरंच, कड फार नेटकी असली की खोटी दिसते.