संग्रहाचा संपादक किती पाण्यात आहे, हे कसं ओळखावं

इंग्रजी विज्ञानकथांचे जुने जाडजूड संग्रह फुटपाथवर दिसले की मुखपृष्ठावरच्या रॉकेटला भुलू नका. आधी कॉपीराइटचं पान उघडा. कुठली कथा कुठल्या मासिकात, कुठल्या साली आली हे तिथे बारीक अक्षरात छापलेलं असतं. सगळ्या कथा दोन-तीन मासिकांतूनच उचललेल्या दिसल्या तर संपादकाने फारशी पायपीट केलेली नाही, असं मी धरून चालतो. ज्युडिथ मेरिलबाईंचे वार्षिक संग्रह याच पानावर उठून दिसतात. विज्ञानकथेच्या मासिकांबाहेरचंही त्या शोधून आणायच्या.

गार्डनर डोझ्वा यांचा खंड मिळाला तर शेवटून चाळा. १९८४ ते २०१८, वर्षाला एक असे त्यांचे ३५ खंड आहेत, आणि संपादनासाठी १५ ह्यूगो. पुरस्कार राहू देत. मागे, संग्रहात न बसलेल्या पण दखल घ्यावी अशा कथांची लांबलचक यादी असते, ती बघा. माणसाने किती वाचलं होतं, ते त्यात दिसतं. मी तर ती यादी घेऊनच पुढच्या कथा शोधतो.

मार्टिन ग्रीनबर्ग हे नाव जरा जपून. हजाराहून जास्त संग्रहांवर ते आहे. सगळे कसे चांगले असतील? मात्र असिमोव्ह यांच्या जोडीने केलेली, १९३९ ते १९६३ मधल्या एकेका वर्षाला एकेक खंड देणारी २५ पुस्तकांची मालिका डोळे झाकून घ्या.

रॉजर एलवुड दिसला तर घासाघीस करा. सत्तरच्या दशकात त्याने संग्रहांचा इतका रतीब घातला की बाजार बसल्याचं खापर पुष्कळांनी त्याच्यावरच फोडलं.

हार्लन एलिसनचं गणित वेगळं. १९६७ चं ‘डेंजरस व्हिजन्स’ जरूर घ्या, त्याचा दबदबा खराच आहे. पण मालिकेच्या तिसऱ्या भागासाठी त्याने लेखकांकडून कथा घेतल्या आणि तो भाग निघाला २०२४ मध्ये, एलिसन जाऊन सहा वर्षांनी. तोवर त्यातले कितीतरी लेखकही गेले होते. वाचकांमधला लौकिक आणि लेखकांमधला लौकिक वेगवेगळे तपासावे लागतात ते असे.

बाळ फोंडके यांनी संपादित केलेलं ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हाती लागलं तर कुठल्या कुठल्या भारतीय भाषांतल्या कथा घेतल्यात ते पाहा.

आणि पैसे काढण्याआधी अनुक्रमणिकेवर एक नजर टाका. संपादकाची स्वतःची एक कथा असली तर चालेल. दोन असल्या तर पुस्तक जागच्या जागी ठेवा.