लाकडी वाडग्याला जाळी पाडायला शिकताना

मी ठाण्याला वागळे इस्टेटमधे एका गाळ्यात शनिवार-रविवार लेथवर वाडगे कातते, आणि गेलं वर्षभर त्या वाडग्यांना जाळी पाडायचे प्रयोग चाललेत. नवीन लोकं आधी विचारतात कुठलं ड्रिल घेऊ, मी पण तेच विचारलं होतं, पण माझे पहिले चार वाडगे फुटले ते लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू कुठल्या दिशेने जातात, ते न बघता भोकं पाडली म्हणून, त्यामुळे रेषांपासूनच सांगते.

पहिला वाडगा आंब्याचा होता, सहा इंची, पसरट, सगळीकडे सारखी उभी लांबट भोकं आणि मधल्या पट्ट्या ३ मिमी. सँडपेपर लावायला घेतला तर समोरासमोरच्या दोन जागांवरच्या पट्ट्या कटकन तुटल्या, बाकीच्या शाबूत. गाळ्यातल्या काकांनी तो हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "अगं, इथे रेषा आडव्या चालल्यात आणि तू पट्टी उभी ठेवलीस, कशी राहील?"

म्हणजे कसं, फळीसारख्या आडव्या तुकड्यातून वाडगा कातला की रेषा सगळ्या एकाच दिशेने सरळ जातात पण भिंत मात्र गोल फिरते. मग काठावर दोन जागी रेषा काठाला समांतर धावतात, तिथे आडवी भोकं घ्यायची म्हणजे आडव्या पट्ट्या राहतात आणि त्या टिकतात. उरलेल्या दोन जागी रेषा भिंतीतून आरपार जातात. वाडगा पसरट असेल तर तिथे उभ्या पट्टीला थोडातरी आधार मिळतो, पण भिंत सरळ उभी असेल तर तंतू भिंतीच्या जाडीएवढेच लांब, तिथे कुठलीच बारीक पट्टी तग धरत नाही, म्हणून मी तिथे छोटी गोल भोकं घेते आणि मधे भरपूर लाकूड सोडते. या चार जागा पेन्सिलने खुणा करून मगच डिझाइन काढा, प्लीज.

डिझाइनसाठी मी आधी ठिपक्यांची रांगोळी डोक्यात ठेवली होती पण ती वाडग्यावर तशीच बसत नाही कारण वरचा घेर मोठा आणि खालचा लहान, त्यामुळे भोकं खाली येताना लहान होत जायला हवीत. माझ्या लेथला इंडेक्सिंगला, म्हणजे वाडगा सारख्या अंतराने फिरवून अडकवायला, २४ खाचा आहेत, त्यात ३, ४, ६, ८, १२ भाग बरोबर पडतात, पाच पाकळ्या मात्र पडत नाहीत, ते कागदाची पट्टी गुंडाळून मोजावं लागतं.

लाकूड सुकवणं पण आलंच. ओलं लाकूड आधी जाड कातायचं, व्यासाच्या साधारण दहावा भाग भिंत, म्हणजे २० सेंमीला २ सेंमी, मग कागदी पिशवीत त्याच्याच भुश्श्यात ठेवायचं आणि दर आठवड्याला वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर, भिंत पातळ करायला. आपल्याकडे पावसाळ्यात हे भयंकर रेंगाळतं, जूनमधे ठेवलेला वाडगा दिवाळीपर्यंत विसरायचा.

ड्रिल म्हणाल तर सुरुवातीला हातात धरायचं रोटरी टूल पुरे, ते मिनिटाला ३०-३५ हजार फेरे मारतं. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं हवेवर चालणारं ३-४ लाख फेऱ्यांचं असतं, त्याने वळणं फार सुंदर निघतात पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, घाई करू नका. बर, म्हणजे ड्रिलचं कापणारं टोक, दाबला की कड जळून काळी होते, हलका हात ठेवायचा. भिंत २.५ ते ३ मिमी ठेवा. मास्क लावाच, शिसवीच्या धुळीने माझे हात आठवडाभर खाजत होते. आणि भोकं पडलेला वाडगा लेथवर फिरत असताना आत बोट घालायचं नाही, फिरताना भोकं दिसतच नाहीत आणि त्यांच्या कडा बोट ओढून घेतात. घासायचं ते लेथ बंद करून, गुंडाळलेल्या सँडपेपरने, एकेक भोक. ६० भोकांना माझे दोन रविवार जातात.

जवसाचं तेल लावलं तर भोकात साचलेलं लगेच पुसा, आणि ती तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवा.

सध्या एक वेगळंच चाललंय. भिंत ६ मिमी ठेवलीय, बाहेरून लेथवर ३.५ मिमी खोल गोल खाचा आणि आतून रोटरीने तेवढ्याच खोल उभ्या खाचा, २४. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे भोक आपोआप उघडतं, ड्रिल नेमकं कुठे टेकवायचं ही धाकधूकच नाही. बाहेर आडवी कडी, आत उभी फासळी, दोन्ही एकमेकींना धरून राहतात. काल नववी खाच आतून पूर्ण झाली आणि खिडकीतला उजेड पाच बारीक चौकोनांतून टेबलावर पडला, काकांनी पण उठून येऊन बघितलं. पंधरा बाकी आहेत.