कॅम मोठा आणि पिकअप गायब: शेव्ही ३५० साठी कॅम आणि हेड घेताना या चुका टाळा

अमेरिकेत जुनी सत्तरीतली कमॅरो किंवा नोव्हा हाताला लागली, बॉनेटखाली ३५० शेव्ही (शेवरोलेचं ३५० घन इंचांचं व्ही८ इंजिन) निघालं, की आपल्या मंडळींना एकच पाहिजे असतं, सिग्नलला उभी असताना गाडी धडधडत हलली पाहिजे. मग कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) मागवायचा, त्यावर २२० सीसी रनरची (आत येणाऱ्या हवेच्या मोठ्या वाटांची) हेड, आणि नंतर रडगाणं सुरू की आवाज जबरदस्त आहे पण शेजारची मिनीव्हॅन पुढे निघून जाते. जाणारच ना! रोजची गाडी चालते १५०० ते ४५०० आरपीएममध्ये आणि हा कॅम जागा होतो ३००० च्या आसपास.

कॅम सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी मागच्या डिफरन्शियलचा रेशो बघा, गाडीचं वजन, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किती स्टॉलचा आहे (गाडी अडवून धरली तर इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिक्श्चर किती पट दाबलं जातं) किती आहे ते बघा. मागे २.७३ किंवा ३.०८ चा रेशो आणि कंपनीचा कन्व्हर्टर असेल तर ०.०५० इंच लिफ्टवर (उचलीवर) २१० ते २२० डिग्री ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जितका वेळ उघडा राहतो त्याच्या) आसपासचा कॅम भरपूर झाला. आणि हो, ड्युरेशनचे आकडे दोन प्रकारचे असतात, जाहिरातीतला आणि ०.०५० वरचा, एकाच कॅमला २६८ पण म्हणतात आणि २२४ पण, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना कायम ०.०५० वालाच आकडा धरा.

कॉम्प्रेशनचं गणित तर बरेच जण करतच नाहीत. सत्तरीच्या दशकातली बरीच हेड ७६ सीसी चेंबरची (हेडमधल्या जळणाच्या पोकळीची) असतात, त्यावर फ्लॅट टॉप पिस्टन असले तरी कॉम्प्रेशन येतं जेमतेम ८.५. त्यात लांब ड्युरेशनचा कॅम घातला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, भरलेलं मिक्श्चर थोडं परत बाहेर जातं आणि खालचा टॉर्क मेलाच समजा. त्याच इंजिनवर ६४ सीसीची हेड लावली तर कॉम्प्रेशन साधारण ९.५ होतं, लोखंडी हेडसाठी पंपावरच्या पेट्रोलवर तेवढं ठीक आहे. नुकतंच भारतातून आलेल्यांसाठी एक सांगतो, इथल्या पंपावरचा आकडा रिसर्च आणि मोटर ऑक्टेनची सरासरी असतो, भारतातला नुसता रिसर्च, म्हणजे तिकडचं साधं ९१ हे इथलं जवळपास ८७ होतं.

स्वस्तात चांगलं हेड पाहिजे तर १९९६ पासूनच्या शेव्ही ट्रकमधली व्होर्टेक नावाची हेड, ६४ सीसी चेंबर, मिळतातही भरपूर. पण लोक इथेच फसतात. त्याला जुना इनटेक मॅनिफोल्ड बसत नाही, ८ बोल्टवाला वेगळा घ्यावा लागतो, रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे हात, सेल्फ-अलाइनिंग लागतात, आणि मुख्य म्हणजे ०.४५० ते ०.४७० इंचाच्या वर व्हॉल्व्हची लिफ्ट गेली की रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) खाली येऊन गाइडच्या (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीच्या) सीलवर आदळतो. ०.४८० चा कॅम आणून तसाच घातला तर सील तुटतात, निळा धूर येतो आणि मग पिस्टन रिंगला शिव्या बसतात. बसवण्याआधी एका व्हॉल्व्हला हलकी स्प्रिंग लावा, कॅमच्या लिफ्टइतका व्हॉल्व्ह खाली दाबा आणि रिटेनर ते सील अंतर मोजा, किमान ०.०५० इंच मोकळं राहिलं पाहिजे. नसेल तर गाइड मशीन करून घ्या नाहीतर कॅम बदला. पिस्टनवर थोडी क्ले ठेवून व्हॉल्व्हचं अंतर पण बघून घ्या, इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच धरून चाला.

फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर रोलर नसलेले, सपाट तळाचे लिफ्टर घासतात) असेल तर पहिला स्टार्ट फार महत्त्वाचा. लोबवर (कॅमच्या उंचवट्यांवर) मॉली पेस्ट, जस्त-फॉस्फरसवालं ब्रेक-इन ऑइल, आणि इंजिन चालू झाल्या झाल्या आयडलला न सोडता २००० च्या वर घ्या, पुढची २० मिनिटं थोडं वरखाली करत ठेवा. व्हॉल्व्हला डबल स्प्रिंग असेल तर आतली तेवढ्यापुरती काढून ठेवा. जुने लिफ्टर नव्या कॅमवर अजिबात नको.

कॅलिफोर्नियात असाल तर १९७६ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला स्मॉग चेक (प्रदूषण तपासणी) आहे, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर (प्रदूषण खात्याची मंजुरी) नसलेला बाहेरचा पार्ट दिसला तर तिथेच फेल. १९७५ किंवा आधीची असेल तर स्मॉग चेक लागत नाही.

आता सगळं बसवून झालंय आणि तरी त्रास देतेय. ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं असेल तर ब्रेकला मदत करणारं इंजिनचं व्हॅक्यूम कमी पडतंय, गेज लावून बघा. आयडल फारच हलत असेल तर कॅमला दोष द्यायच्या आधी टायमिंग (स्पार्क किती आधी पडतो) बघा, जुन्या ८ डिग्रीवरच ठेवलं असेल तर १२ ते १६ करून बघा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच माणसात येते. कार्बोरेटरमधून फटाके वाजत असतील तर आधी डिस्ट्रिब्युटर १८० डिग्री उलटा बसलाय का बघा, मग रॉकर. हायड्रॉलिक लिफ्टरला ढिलाई संपली की रॉकरचा नट पुढे अर्धा फेरा फिरवला तर पुरतो, जास्त आवळलं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. तिथेही सगळं बरोबर असेल तर व्हॉल्व्ह कव्हर काढून इंजिन हाताने फिरवा आणि प्रत्येक रॉकर किती उचलतोय ते बघा, एखादा इतरांपेक्षा कमी हलला तर त्याचा लोब झिजलाय, आणि मग ऑइल पॅनही उघडावं लागणार कारण ते लोखंड बेअरिंगपर्यंत गेलेलं असतं.