कंपनीचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स करायचंय? आधी हे बघून घ्या

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं ऑफिस आहे, सहा जण, द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे कुठल्या बागेतून किती क्रेट आले, किती माल बाद झाला, कुठल्या पॅलेटवर काय गेलं, मजुरीचा हिशोब, सगळं त्यात. दीड वर्षापूर्वी पार्टनर म्हणाला हे ओपन सोर्स करून टाकू, म्हणजे कोड सगळ्यांना खुला करू. मला वाटलं येडा झाला का हा, आठ वर्षांची मेहनत फुकट वाटायची? शेवटी अर्धं ओपन केलं, अर्धं नाही. त्यात जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी मागच्या तीन वर्षांची बिलं काढून बसा आणि पैसा नेमका कशातून येतो ते बघा, कारण बरेच जण म्हणतात आमचा कोड म्हणजे आमचा धंदा, आणि बिलं बघितली की वेगळंच निघतं. आमच्याकडे लायसन्सचे पैसे एकदाच, खरी कमाई एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) आणि सीझनमधल्या सपोर्टची. फेब्रुवारीत रात्री अकराला पिंपळगावला लेबल प्रिंटर बंद पडला, बाहेर कंटेनर उभा आहे, तेव्हा कुणीतरी गाडी काढून जावं लागतं, आणि कोड फुकट मिळाला म्हणून पॅकहाऊसवाला स्वतः सर्व्हर उठवत बसणार नाहीये. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा सगळा हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर, पूर्ण जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, कुणीही उतरवून चालवा, ते होस्टिंग आणि सपोर्टवर कमावतात. तुमचा पैसा असा येत असेल तर ओपन करायला घाबरू नका. पण सगळी कमाई एखाद्या गणितावर असेल जे फक्त तुम्हालाच जमलंय, तर ते झाकूनच ठेवा, त्यात लाजायचं काही नाही.

आता कोड कुणाचा आहे ते. इथे लोक हमखास आपटतात. नोकरीवर असलेल्या पोराने लिहिला तर सहसा कंपनीचा, पण फ्रीलान्सरकडून करून घेतला आणि कागद केला नसेल तर पैसे देऊनही हक्क त्याचाच राहू शकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि गंमत म्हणजे त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगाला कोड वाटायला निघालात आणि हक्क भारतापुरता, असं होतं. आमचं रिपोर्टचं मॉड्यूल असंच एका पोराने केलेलं, त्याला शोधून, चहा पाजून, सही घेतली. वकिलाला एकदा दाखवाच.

विकत घेतलेल्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, पण बघा, तो वाटायचा हक्क तुमच्याकडे असेलच असं नाही. नेटस्केप कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड खुला करतो म्हणून जाहीर केलं आणि ३१ मार्चला दिला, मधल्या दिवसांत दुसऱ्यांच्या मालकीचा कोड उपसून काढावा लागला. त्यानंतर जुन्या कोडचा बराच भाग टाकून नवीन लिहायला घेतला, त्यातून निघालेलं मोझिला १.० यायला जून २००२ उजाडलं. म्हणजे आज ओपन केलं आणि उद्या जगभरातून लोक येऊन फुकट काम करतील, या आशेवर तर अजिबात राहू नका.

मग साफसफाई, आणि इथे मी स्वतः माती खाल्ली. पासवर्डची फाइल डिलीट केली आणि वाटलं झालं काम, पण गिट (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल) च्या हिस्टरीत ती तशीच पडून होती, नशीब रेपो, म्हणजे कोड ठेवायची जागा, अजून प्रायव्हेट होता. कोडमध्ये राहिलेले पासवर्ड शोधणारं गिटलीक्स चालवा, सापडलेला प्रत्येक पासवर्ड बदला, आणि जुनी हिस्टरी नेण्यापेक्षा सरळ नवीन रेपो करून पहिल्या कमिटपासून (बदलाच्या नोंदीपासून) सुरुवात करा. टेस्ट डेटा तर उघडूनच बघा, आमच्यात खऱ्या शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, गट नंबर, सगळं होतं, ते बाहेर गेलं असतं तर निफाडात तोंड दाखवायला जागा नव्हती.

लायसन्सचं थोडक्यात: एमआयटी किंवा अपाची म्हणजे कुणीही घ्या, बदल करून बंद करून विका. जीपीएल म्हणजे दुसऱ्याला वाटलं तर कोड पण द्यावा लागतो. एजीपीएल म्हणजे बदल करून नुसतं सर्व्हरवरून लोकांना वापरायला दिलं तरी. पुण्याची मोठी पार्टी आपलंच सॉफ्टवेअर होस्ट करून विकेल ही भीती असेल तर एजीपीएल बघा. पण ठरवायचं ते आधीच. सर्चचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिकने २०२१ मध्ये लायसन्स आवळलं आणि ॲमेझॉनने जुना कोड घेऊन ओपनसर्च काढलं, मग २०२४ मध्ये इलास्टिकने एजीपीएलचा पर्याय दिला. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या टूलचं २०२३ मध्ये तसंच झालं, त्यातून ओपनटोफू निघालं. आणि कोड दिला म्हणजे नाव दिलं नाही, ट्रेडमार्क वेगळा करून ठेवा.

सगळं एकदम उघडू नका. आम्ही मजुरी आणि रेटचा भाग झाकून ठेवला, आणि वजनकाट्यावरून आकडा वाचायचा आणि लेबल छापायचा भाग तेवढा दिला, कारण प्रत्येक काटा कॉम्प्युटरला आकडा वेगळ्याच पद्धतीने पाठवतो आणि त्यात सगळेच डोकं फोडतात. वेळ पण बघा, आम्ही माल संपून खरड छाटणी सुरू झाल्यावर केलं, सीझनमध्ये केलं असतं तर आलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायला कुणी नव्हतं. आठवड्यातले चार तास एकाच्या नावावर लिहून ठेवलेत त्यासाठी, नायतर ते कुणाचंच काम राहत नाही.

पहिले पाच महिने काहीच आलं नाही, पार्टनरला मी रोज टोमणे मारायचो. मग सांगलीच्या एका बेदाणेवाल्याकडच्या पोराने त्याच्या काट्याचा कोड पाठवला, तो काटा आम्ही कधी बघितला पण नव्हता. यंदा जानेवारीत ओझरच्या नवीन गिऱ्हाइकाकडे गेलो तर तिथे तोच काटा, केबल लावली आणि आकडा आला.