शेळ्यांच्या आवाराचे कुंपण आणि राखणदार जनावरे: कळप बाहेर जाऊ नये, लांडगा आत येऊ नये यासाठी काय करावे

शेळी ज्या फटीतून बाहेर जाते, त्याच फटीतून बहुतेक वेळा कुत्रे किंवा लांडगा आत येतो. त्यामुळे पळणाऱ्या शेळ्यांचा बंदोबस्त आणि हिंस्र प्राण्यांपासून राखण ही दोन कामे वेगवेगळी धरू नयेत. धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात उस्मानाबादी शेळ्यांचे कळप पूर्वी दिवसभर माळावर चरत आणि त्यांच्यामागे राखणारे माणूस असे. आता राखोळीला माणूस मिळत नाही, म्हणून कळप एक-दोन एकरांच्या आवारात ठेवण्याकडे कल वाढला आहे. माणसाची जागा जाळीने घ्यायची, तर ती जाळी कुठे कमी पडते हे आधी समजून घ्यावे लागते.

असेच आवार करून हरणे पाळता येतील का, अशी विचारणा अधूनमधून होते. ते करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार काळवीट, चितळ, सांबर हे सर्व संरक्षित प्राणी आहेत आणि त्यांना पकडणे किंवा खासगी आवारात ठेवणे हा गुन्हा आहे. शेतात काळविटाचे पाडस एकटे दिसले, तरी ते उचलून आणू नये. मादी पाडसाला गवतात लपवून चरायला गेलेली असते आणि परत येते. पाडस जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आधी शत्रू ओळखावा

कुंपणाचा खर्च करण्यापूर्वी आवाराभोवती पहाटे आणि तिन्हीसांजेला एक फेरी मारून माग पाहावा. पावसानंतरच्या ओल्या मातीत तो स्पष्ट उमटतो. बालाघाटाच्या रांगांलगत आणि कन्नड-सोयगावकडच्या डोंगरपट्ट्यात बिबट्याचा विचार करावाच लागतो. उघड्या माळरानावर लांडगा आणि कोल्हा असतो, तर गावालगतच्या आवाराला खरा उपद्रव मोकाट कुत्र्यांचा होतो, आणि शेळीपालक नेमके त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतात. पूर्वी शिकार झाली असेल, तर जखमा पुष्कळ काही सांगतात. बिबट्या नरडे किंवा मान धरतो. लांडगा बहुधा करडू उचलून घेऊन जातो, मागे फारसे काही ठेवत नाही. कुत्री मात्र मांड्या, कास आणि पोट फाडतात व एकाच वेळी अनेक शेळ्या अर्धवट जखमी करून सोडतात. बिबट्यासाठी छत लागते आणि कुत्र्यांसाठी जाळीचा तळ पक्का लागतो, त्यामुळे ही ओळख पटल्याशिवाय पैसा योग्य जागी पडत नाही.

कुंपण उभारताना

शेळ्यांसाठी किमान पाच फूट उंचीची, दोन इंची भोकांची चेनलिंक जाळी घ्यावी. मोठ्या चौकटीची जाळी स्वस्त पडते, परंतु शिंगांची शेळी पलीकडच्या हिरव्या फांदीसाठी तिच्यात डोके घालते, शिंगे अडकतात, आणि अशी अडकलेली शेळी कुत्र्यांच्या आयतीच तोंडी जाते. काटेरी तार एकटी लावण्यात अर्थ नाही. शेळी तिच्यातून अंग चोरून निघते आणि कास फाडून घेते.

खांब आठ ते दहा फुटांवर असावेत. काळ्या मातीत येथे विशेष काळजी लागते, कारण ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, आणि दोन वर्षांत सरळ रोवलेला खांबही कलतो. खड्डा निदान अडीच फूट खोल घ्यावा, खांबाभोवतीची काळी माती काढून टाकून तेथे मुरूम व दगड ठोकून भरावा, शक्य तेथे काँक्रीट करावे, आणि कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरपे टेके द्यावेत. शेळीला पुढचे पाय जाळीवर ठेवून उभे राहण्याची खोड असते. त्या वजनाने जाळी मधोमध लोंबू नये म्हणून वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताणाच्या तारा ओवून जाळी त्यांना बांधावी.

जाळीचा तळ हा कुंपणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जाळी नुसती जमिनीला टेकवली, तर कुत्रे एका रात्रीत खालून उकरते. सुमारे दीड ते दोन फूट रुंदीची जाळीची पट्टी कुंपणाच्या तळाला तारेने बांधून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरावी आणि तिच्यावर दगड-माती टाकावी. उकरणारा प्राणी कुंपणाच्या अगदी पायथ्याशीच उकरतो, चार पावले मागे सरकून उकरत नाही, म्हणून ही साधी युक्ती कामी येते. ओघळ किंवा चर ज्या ठिकाणी कुंपणाखालून जातो, तेथे पहिल्याच मोठ्या पावसात भगदाड पडते. त्या जागी दगडांची पिचिंग करून वेगळी जाळी टांगावी.

झटका मशीन वापरायचे असल्यास

सौर झटका मशीन सुमारे सेकंदाला एकदा अगदी क्षणभराचा, उच्च दाबाचा पण जीव न घेणारा धक्का देते. आतल्या बाजूला जमिनीपासून दहा-बारा इंचांवर एक तार लावली, की शेळी जाळीला नाक लावायचे सोडते. बाहेरच्या बाजूला तळाशी दुसरी तार लावली, की उकरणारे कुत्रे माघार घेते. मराठवाड्यातली अडचण अर्थिंगची आहे. धक्का बसण्यासाठी प्रवाह प्राण्याच्या अंगातून जमिनीत आणि तेथून अर्थिंगच्या सळईतून मशीनकडे परत यावा लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये खडखडीत वाळलेली जमीन हा मार्गच तोडून टाकते. मशीन टकटक करत राहते, दिवा लागतो, पण तारेत दम नसतो. अर्थिंगच्या सळया ओलीच्या जागी, पाण्याच्या टाकीजवळ किंवा हौदाच्या सांडपाण्यावर खोल ठोकाव्यात, उन्हाळ्यात तेथे पाणी घालत राहावे, आणि टेस्टरने तारेतील दाब आठवड्यातून एकदा तपासावा. पावसाळ्यात उलट त्रास होतो: गाजरगवत आणि वेली तारेला टेकतात व प्रवाह जमिनीत उतरतो. म्हणून तारेखालची पट्टी साफ ठेवावी.

आकडा टाकून किंवा मोटारीच्या जोडणीवरून तारेत थेट वीज सोडणे हा मात्र गुन्हा आहे आणि त्यात शेजारची माणसे, स्वतःच्या घरातली माणसेही मेलेली आहेत. त्याचा विचारसुद्धा करू नये.

फाटक आणि आतली मांडणी

मजबूत जाळीच्या आवारातून शेळ्या निघून जातात, तेव्हा त्या बहुधा फाटकातूनच जातात. साधी कडी शेळी ओठांनी आणि शिंगांनी उचलायला शिकते, म्हणून कोयंड्यात खटक्याचा हूक किंवा साखळी असावी. फाटक आत उघडणारे असावे, म्हणजे कळपाच्या रेट्याने ते उघडत नाही. फाटकाखालची फट चार बोटांहून जास्त ठेवू नये. करडू त्यातून सहज निसटते. जागा असेल, तर आत छोटा बंदिस्त कप्पा करून दुसरे फाटक बसवावे. चाऱ्याची गाडी आत घेताना निम्मा कळप रस्त्यावर जाण्याचा प्रकार त्याने थांबतो.

कडब्याची गंजी, गव्हाण, पाण्याची टाकी, दगडांचा ढीग यांपैकी काहीही कुंपणापासून सहा-सात फुटांच्या आत नसावे, कारण शेळीला चढायला एवढे पुरते. शेळ्या निसटण्याचे यापुढचे कारण पोटाचे आहे. भुकेली शेळी फट शोधते, पोट भरलेली शेळी रवंथ करत बसते. माजावर आलेली शेळी आणि पलीकडचा बोकड हे दुसरे कारण. पैदाशीचा बोकड वेगळ्या, अधिक भक्कम कप्प्यात ठेवावा आणि विक्रीचे बोकड वेळेवर खच्ची करून घ्यावेत.

रात्रीचा गोठा

बिबट्याला सहा फुटांची भिंत ही भिंतच वाटत नाही. तो जाळीवरून उतरतो आणि कोंडलेल्या कळपात एकाहून अधिक शेळ्या मारतो. त्या पट्ट्यात रात्रीच्या गोठ्याला वरूनही जाळी किंवा पत्रा हवाच, आणि पत्रा व भिंत यांच्यामधील हवेची मोकळी जागा जाळीने बंद केलेली हवी. व्यालेल्या शेळीची वार आवारात पडू देऊ नये. तिच्या वासाने कुत्री आणि कोल्हे येतात. ती खोल पुरावी.

राखणदार कुत्रा तयार करणे

येथे बहुतेक पालक जातीवर अडतात. उदगीर-लातूर भागात कारवानी आणि पश्मी ही कुत्री सहज मिळतात, दिसायला देखणी असतात आणि वेगाने धावतात. परंतु ती नजरेने सावज हेरून पाठलाग करणारी शिकारी कुत्री आहेत. पळणारी वस्तू दिसली की धावायचे हा त्यांचा स्वभाव, आणि आवारात पळणारी वस्तू म्हणजे करडू. राखणीसाठी धनगराच्या वाड्यावर मेंढरांत वाढलेल्या कुत्रीचे पिल्लू अधिक चांगले.

पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचे असताना आणावे आणि घराच्या अंगणात न ठेवता थेट शेळ्यांजवळ, जाळीने वेगळ्या केलेल्या कोपऱ्यात ठेवावे. बारा-सोळा आठवड्यांपर्यंत ज्यांच्या सहवासात ते वाढते, त्यांनाच ते आपले मानते. या काळात मुलांनी त्याला खेळवत घरी नेले, तर तयार होतो तो घराचा कुत्रा, कळपाचा नव्हे. मालकाने दिवसातून दोन वेळा जाऊन खायला घालावे, अंगाला हात लावावा, दोरीची सवय करावी आणि निघून यावे. सोबतीला शांत, मोठ्या शेळ्या असाव्यात. उद्धट पिल्लाला दोन धक्के देणारी जुनी शेळी चांगले वळण लावते.

सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कुत्रा खेळकर होतो, करडांच्या मागे धावतो, कान ओढतो. त्या वेळी मारू नये. जागीच आवाजाने दटवावे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर काही आठवडे गळ्यात हलके लोढणे बांधावे, म्हणजे त्याला चालता येते पण सुसाट धावता येत नाही. पूर्ण भरवशाचा राखणदार दीड-दोन वर्षांनीच होतो. तोपर्यंत विणीच्या काळात त्याला करडांजवळ एकटे सोडू नये.

राखणदार कुत्रा लांडग्याला किंवा मोकाट कुत्र्यांना थोपवू शकतो, बिबट्याला नाही. बिबट्या कुत्र्यांचीच शिकार करतो, त्यामुळे त्या भागात रात्री कुत्रा शेळ्यांसोबत छताखालीच कोंडावा. तेथे त्याचे काम भुंकून माणसाला उठवणे एवढेच आहे. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा रुंद पट्टा असावा.

कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस द्यावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढचा डोस आणि नंतर दर वर्षी पुनर्लसीकरण करावे. फितकृमींचे जंतनाशक नियमित द्यावे आणि कापलेल्या शेळी-मेंढीचे कच्चे डोके त्याला कधीही घालू नये. त्यातून एक फितकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि शेळीच्या मेंदूत पाण्याचा फोड तयार होतो. मग शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते.

गाढव

कुत्रा तयार करायला वेळ नसेल, तर गाढव हा दुर्लक्षित पण चांगला पर्याय आहे. कुत्र्यासारख्या प्राण्याचा गाढवाला उपजत राग असतो. ते ओरडते, अंगावर धावते, लाथा मारते आणि चावते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो, तेथे निवड करता येते. मादी किंवा खच्ची केलेला नर घ्यावा. खच्ची न केलेला नर करडांना इजा करू शकतो. एकच गाढव ठेवावे, कारण दोन असतील तर ती एकमेकांच्या सोबतीत रमतात आणि कळपाकडे पाहत नाहीत. पहिले दोन आठवडे मधे जाळी ठेवून ओळख करून द्यावी. मोनेन्सिन हे औषध घातलेले पशुखाद्य गाढवाला विष आहे, म्हणून पोत्यावरचा मजकूर वाचूनच खाद्य विकत घ्यावे. बिबट्यापुढे गाढवाचा उपयोग नाही, आणि ज्या आवारात राखणदार कुत्रा आहे तेथे ते आपल्याच कुत्र्याला तुडवू शकते.

तरीही शेळ्या निसटल्या किंवा शिकार झाली तर

मागे धावू नये. कळपाची म्होरकी शेळी ओळखून खुराकाचा डबा वाजवावा आणि ती वळली की बाकीच्या आपोआप वळतात. शेजाऱ्याच्या रानात पावसाच्या ताणातली कोवळी ज्वारी असेल, तर तिकडे आधी पोहोचावे, कारण किरळ लागून (कोवळ्या ज्वारीतील विषाची बाधा होऊन) शेळ्या थोड्याच वेळात दगावतात. कानातला १२ अंकी बिल्ला असेल, तर कोंडवाड्यात किंवा बाजारात ओळख पटवणे सोपे जाते. जी शेळी पुन्हा पुन्हा वाट काढते, ती विकून टाकावी. तिची करडे तेच शिकतात.

वन्यप्राण्याने शिकार केली असेल, तर त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. नुकसानभरपाई वन विभाग वन्यप्राण्यांसाठी देतो, मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यासाठी नव्हे, म्हणून जखमांचे व मागांचे फोटो आधीच काढून ठेवावेत. बिबट्या शिकारीकडे परत येतो, तेव्हा उरलेला कळप त्या संध्याकाळी लवकर छताखाली घ्यावा. भगदाडाची पक्की दुरुस्ती पंचनाम्यानंतर करावी आणि तोपर्यंत त्या जागी वेड्या बाभळीच्या फांद्या दाबून ठेवाव्यात.