बोअरवरून कॅम्परची टाकी भरताना
वेरूळ-पैठणच्या वाटेवर कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, थांबवला की कुणीतरी आपुलकीनं म्हणतंच, "लावा की पाइप आमच्या बोअरला!" पाणी जरूर घ्या, पण पाइप आपलाच, पिण्याच्या पाण्यासाठीचा वापरा. शेतातल्या पाइपातून कधी फवारणीचं पाणी गेलेलं असतं, कधी ठिबकचं खत. आधी दोन बादल्या पाणी सोडून द्या. सुरुवातीला तांबूस, गढूळ येतं.

आणि पाइप टाकीच्या तोंडात घट्ट खोचू नका, हे कळकळीनं सांगतो. सबमर्सिबल मोटारीचा जोर फार. हवेला वाट नसली तर प्लास्टिकची टाकी फुगते, सांधा उकलतो. तोंडाशी बोटभर फट ठेवा, हवेची नळी मोकळी आहे ना बघा, कॉक अर्धाच उघडा.

100 लिटर म्हणजे 100 किलो, तेव्हा ट्रेलरची वजनमर्यादा आधी बघा.

टाकी बरेच दिवस पडून असेल तर 100 लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं क्लोरीन ब्लीच 100 मिली टाका, नळांतूनही खेळवा, चार तासांनी सगळं ओतून वास जाईपर्यंत धुवा. इथलं बोअरचं पाणी बहुधा जड. क्लोरीननं क्षार जात नाहीत, म्हणून प्यायला जार वेगळा ठेवा.