मिरर लावलेल्या हार्ड डिस्कने दगा दिला की या चुका टाळा

घरच्या कॉम्प्युटरला दोन हार्ड डिस्क मिररमध्ये लावणारे आता बरेच जण आहेत, लग्नाचे फोटो काढणारे, घरून टॅलीचं काम करणारे, सगळ्या घराचे जुने व्हिडिओ सांभाळून ठेवणारे. रेड वन (RAID 1) म्हणतात ते हेच, दोन्ही डिस्कवर तोच डेटा, एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. पण मी जेवढ्या केसेस बघितल्यात त्यात डेटा गेला तो डिस्क मेली म्हणून नाही, मेल्यानंतर जी घाई झाली त्यात गेला. एक डिस्क गेली त्या क्षणी तुमचं सगळं शाबूत असतं, पुढचा तासभर तुम्ही काय करता त्यावर सगळं आहे.

म्हणून "डिग्रेडेड" (मिररमधली एक डिस्क बाहेर पडली) असा मेसेज दिसला की आधी स्क्रू ड्रायव्हर शोधू नका. जी डिस्क चालू आहे तिच्यावरचा महत्त्वाचा डेटा एखाद्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून घ्या, मग बाकीचं. कारण नवीन डिस्क लावून रिबिल्ड, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून नवीनवर पूर्ण कॉपी, सुरू केलं की उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत वाचली जाते, 4 टीबीची असेल आणि सेकंदाला सरासरी 150 एमबी स्पीड मिळाला तरी साडेसात तास सलग, आणि ही डिस्क बहुतेक वेळा गेलेल्या डिस्कच्याच दिवशी, त्याच दुकानातून, त्याच लॉटमधली घेतलेली असते, म्हणजे वय तेवढंच, झीज तेवढीच. तिने रिबिल्डच्या मधेच मान टाकली तर हातात काही राहत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, चांगली डिस्क काढणं. विंडोजमध्ये डिस्क 0, डिस्क 1 असं दिसतं आणि लोक समजतात की कॅबिनेटमधली वरची म्हणजे 0, खालची म्हणजे 1. असं काही नसतं. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावं तर रीस्टार्ट केल्यावर बदलूही शकतात. खात्रीचा फक्त सिरियल नंबर. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तो वरच दिसतो, लिनक्सवाल्यांना स्मार्टसीटीएल या कमांडने मिळतो, तो कागदावर लिहा, मशीन बंद करा, पॉवर केबल काढा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी एकेक अक्षर जुळवून बघा. खराब डिस्क दिसतच नसेल तर उलटं करा, जी दिसतेय तिचा नंबर घ्या, तिला हात लावायचा नाही, दुसरी ती खराब. सगळं नीट चालू आहे तेव्हाच दोन्ही डिस्कच्या कडेला मार्करने सिरियलचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवले तर फारच बरं, स्टिकर बऱ्याचदा अशा बाजूला असतो की बघायला डिस्क बाहेरच काढावी लागते.

चांगली डिस्क निघाली तर एवढं काय बिघडतं? तर असं, की खराब डिस्क कदाचित महिनाभर आधीच मिररमधून बाहेर पडलेली असते, तिच्यावरचा डेटा तिथेच थांबलेला. मशीन तिच्यावर चालू झालं तर महिन्याभरातलं काम गायब दिसतं, माणूस घाबरतो, तिच्यावरच काहीतरी सेव्ह करतो, मग दुसरी डिस्क परत लावतो आणि आता दोन्हींवर वेगवेगळा डेटा झाला, सिंक कुठून कुठे करायचं ते चुकलं की जुन्याने नवीन पुसून टाकलं. असं झालंय असं वाटलं तर मशीन लगेच बंद करा, दोन्ही डिस्क एकत्र लावू नका, ताजा डेटा असलेली एकटी लावून आधी कॉपी घ्या.

दुसरं, डिस्क बाहेर पडली म्हणजे ती मेलीच असं नाही. साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल असेल तरी असंच होतं. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्या, यादीत 199 नंबरचा सीआरसी एरर (केबलमधून जाताना बिघडलेला डेटा) वाढत असेल आणि 5 (बदललेले सेक्टर) आणि 197 (वाचता न येणारे सेक्टर) हे दोन्ही शून्य असतील तर आधी केबल बदला, शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. केबल बदलल्यावर 199 परत शून्य होत नाही, तो वाढायचा थांबला का तेवढंच बघायचं. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे (रॉ व्हॅल्यू) मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, दाखवतं, सेटिंगमधून दशमान करून घ्या नाहीतर आकडे बघून उगाच धडकी भरते. 197 वाढतोय तर मात्र विचार करू नका, डिस्क बदला.

मे महिन्यात आठ-पंधरा दिवस गावाला जाताना मेन स्विच बंद करून जाणाऱ्यांनी हे खास वाचा. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल (वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा) म्हातारा झाला असेल तर आल्यावर घड्याळ भलतीच तारीख दाखवतं आणि बायॉसची (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, त्यात बऱ्याच बोर्डांवर साटा मोड रेडवरून एएचसीआय (प्रत्येक डिस्क सुटी धरणारा मोड) होतो. इंटेलच्या बोर्डवर बायॉसमधून मिरर केलेलं असेल तर मग एकतर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं किंवा एका मिररच्या जागी दोन सुट्या डिस्क दिसायला लागतात. इथे लोक विंडोज नव्याने टाकतात नाहीतर "इनिशियलाइज" (डिस्क कोरी समजून नव्याने तयार करू का) विचारलं की ओके करतात. दोन्ही करू नका. सेल बदला, बायॉसमध्ये जाऊन मोड परत रेड करा (नवीन बोर्डांवर त्यासाठी व्हीएमडी नावाचा ऑप्शन असतो), बऱ्याचदा ॲरे, म्हणजे दोन डिस्कचा मिरर, जसाच्या तसा परत येतो. सुट्या दिसताना विंडोजमध्ये जेवढं कमी फिराल तेवढं चांगलं, कारण तेव्हा लिहिलेलं एकाच डिस्कवर जातं.

नवीन डिस्क घेताना ती जुनीपेक्षा थोडीशीही लहान नको, दोन्हींवर 2 टीबीच लिहिलेलं असलं तरी काही सेक्टरचा फरक असू शकतो आणि तेवढ्यावरून ॲरे तिला घेत नाही. डिस्कवर लिहायच्या सीएमआर आणि एसएमआर अशा दोन पद्धती असतात, सीएमआर आहे का तेही विचारा, एसएमआरवाल्या डिस्क लांबलचक लिहिताना खूप स्लो होतात. लिनक्सवाल्यांनी बूटलोडर (मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम) दोन्ही डिस्कवर आहे का बघा, बऱ्याच जणांचा पहिल्याच डिस्कवर असतो आणि नेमकी तीच गेली की डेटा आहे पण मशीन उठत नाही.

हे सगळं तेव्हाच उपयोगाचं जेव्हा डिस्क गेल्याचं कळतं. मिररची गंमतच ही की एक गेली तरी कॉम्प्युटर तसाच चालतो, त्यामुळे कित्येक महिने कुणाला पत्ता नसतो. लिनक्सवर एमडीस्टॅट (मिररची स्थिती दाखवणारी फाइल) बघा, दोन यू शेजारी शेजारी दिसले तर ठीक, एकाच्या जागी अंडरस्कोर असेल तर एक डिस्क बाहेर आहे. एमडीएडीएमला (लिनक्सवर मिरर सांभाळणारा प्रोग्राम) मेल पाठवायला लावा आणि टेस्ट मेल खरंच येतो का तेही बघा. विंडोजमधूनच मिरर केला असेल तर स्टोरेज स्पेसेसचं (विंडोजची मिररची सोय) पान महिन्यातून एकदा उघडायचं, लाइट बिल भरता त्या दिवशी उघडा म्हणजे लक्षात राहतं. आणि चुकून डिलीट केलेला फोल्डर किंवा रॅन्समवेअरने लॉक केलेल्या फाइल मिरर त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही तशाच करतो, त्यासाठी वेगळी डिस्क, जी काम झालं की काढून कपाटात जाते, ती हवीच.

काढलेली डिस्क वॉरंटीत द्यायची असेल तर एक लक्षात ठेवा, मिररमधली प्रत्येक डिस्क एकटीच पूर्ण वाचता येते, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की तुमचे फोटो, क्लायंटचं टॅली, आधारचे स्कॅन सगळं समोर. अजून चालत असेल तर पूर्ण पुसून द्या. पुसण्याइतकीही चालत नसेल तर आत काय होतं ते आठवा आणि मगच ठरवा वॉरंटीची नवीन डिस्क घ्यायची की ही घरीच ठेवायची.